हस्ताचा हत्ती ते पळसाचं पाणी : शाळेतलं सणांचं वर्ष

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या पडवीत एक मोठा कागद लागतो. त्यावर दोन रकाने असतात. डावीकडे पंचांगातल्या तिथी, उजवीकडे त्या दिवसांत टेकडीवर, शेतात आणि मंडईत काय मिळतं ते. दोन्ही रकाने जुळले तर तो सण शाळेत होतो, नाही जुळले तर ज्याने त्याने घरी करावा. शाळा लहान आहे, पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी. बालवाडीपासून सातवीपर्यंत मिळून 80 मुलं. गणवेश नाही, चौथीपर्यंत परीक्षा नाही, आणि सण पालकांनी मुलांबरोबर उभे करायचे असा दंडक आहे. वर्गणी काढून विकत आणलेलं काही अंगणात येत नाही. त्यामुळे दर वर्षी नव्या पालकांना तेच ते प्रश्न पडतात: माती किती, कामट्या कुठून, पाक का बिघडला. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहोत.

पोळ्याचं फारसं सांगण्यासारखं नाही. श्रावण अमावास्येच्या आठवडाभर आधी मुलं मातीचे बैल करतात. शाडू असेल तर उत्तम, नसेल तर ओढ्याकाठची चिकणमाती चाळून. पाय अंगठ्याएवढे जाड हवेत. मुलं खऱ्या बैलासारखे बारीक पाय करतात आणि वाळताना पाय आधी आटतात, धड नंतर, म्हणून सांध्यात तडा जातो. पाय आणि शिंगं जोडताना दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे आणि पातळ चिखल लावून दाबायचं. पावसाळी हवेत बैल वाळायला आठवडा लागतो. घाई करून चुलीपाशी ठेवला की फुटलाच.

हादगा, म्हणजेच भोंडला, मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात सगळ्यात जास्त वाद होतात. पहिला वाद तारखेचा. बरेच लोक भोंडला नवरात्राशी बांधतात, आम्ही हस्त नक्षत्राशी. सूर्य हस्तात 27 सप्टेंबरच्या सुमारास येतो आणि तेराचौदा दिवस राहतो. ही तारीख इंग्रजी कॅलेंडरात जवळपास हलत नाही. नवरात्र मात्र अधिक मासामुळे मागेपुढे होतं. 2023 साली घटस्थापना 15 ऑक्टोबरला होती, 2025 साली 22 सप्टेंबरला. ऑक्टोबरच्या मध्यावर गेलं की तेरडा संपलेला असतो, गवत पिवळं पडायला लागतं आणि ज्या पावसासाठी पाटावर हत्ती काढायचा तो पाऊस निघून गेलेला असतो. मग हत्ती कशासाठी हे मुलांना समजावून सांगत बसावं लागतं. हस्तात केला तर सांगावं लागत नाही. दुपारी तीनला ढग गडगडतात आणि पाचवीतलं पोरही म्हणतं, आला हत्ती.

त्याच कारणाने वेळ सकाळची ठेवायची, नऊ ते साडेदहा. दुपारनंतर ठेवलेले हादगे निम्मे तरी पडवीत दाटीवाटीने उरकावे लागतात.

हत्ती रांगोळीने काढायचा मोह होतो. 80 मुलं फेर धरतात तेव्हा धूळ आणि फ्रॉकचे घेर यांनी रांगोळी पुसली जाते. आम्ही आदल्या दिवशी पाट गेरूने सारवून घेतो, वाळला की तांदळाच्या पिठाची दाटसर पेस्ट करून काडीला कापूस गुंडाळून त्याने हत्ती रेखतो. पेस्टमध्ये चिमूटभर डिंकाची पूड घातली की पापुद्रे सुटत नाहीत. मध्ये एक पाट पुरत नाही. 80 मुलांचा एकच फेर केला तर मागच्यांना हत्ती दिसत नाही आणि गाण्याची लय दोन टोकांना वेगळी होते. तीन पाट, तीन फेर, प्रत्येकात 25 ते 28 जण, आणि प्रत्येक फेरात गाणी पाठ असलेल्या दोन आज्या. पुस्तकात बघून म्हणणारी आई चालत नाही, तिचा पाय चुकतो.

फुलं मुलं वाटेने येताना आणतात: तेरडा, सोनकी, गोकर्ण, कुंपणावरची कोरांटी. झेंडू अजून स्वस्त झालेला नसतो. टेकडीवरून आणताना एका ताटव्यातून चारापेक्षा जास्त देठ तोडायचे नाहीत एवढा नियम आहे. तेरड्याची बोंडं तडकून बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी तिथे गवतच.

खिरापत हा हादग्याचा अर्धा जीव. डबा झाकलेला, मुलांनी ओळखायचं, ओळखलं नाही तर आणणाऱ्याची कॉलर ताठ. मुलांच्या प्रश्नांचा क्रम पक्का झालेला आहे: गोड की तिखट, कोरडं की ओलं, तळलेलं की वाफवलेलं, डबा हलवल्यावर वाजतं का. म्हणून पदार्थ निवडताना वास बघायचा. कोथिंबीर वडी झाकण किलकिलं होताच कळते. सुंठवडा, खोबऱ्याची वडी, गूळपापडी, भाजणीचे कडबोळे हे दम काढतात. माप असं: एका मुलाला 20 ग्रॅम, म्हणजे 80 जणांना दीड किलोच्या वर थोडं. एका घरावर एवढा बोजा टाकत नाही, तीन घरं मिळून एक पदार्थ करतात आणि तिघींनी तोंड बंद ठेवायचं, हे सगळ्यात अवघड. वाटली डाळ सकाळी सातला करून दहाला वाटली तर चालते. आदल्या रात्री करून ठेवली तर ऑक्टोबरच्या उकाड्यात तिला आंबूस वास येतो, मग ती खतात जाते.

हादगा झाला की दिवाळीची तयारी लगेच सुरू होते, कारण सुट्टी लागायच्या आत किल्ला हिरवा दिसायला हवा. बहुतेक किल्ले चुकतात ते पहिल्याच पायरीला: मुलं मातीचा शंकू करतात आणि टोकावर महाराज बसवतात. सह्याद्रीतले बहुतेक गड तसे नाहीत. आमच्याकडे सहावी-सातवीची मुलं आधी एक गड निवडून त्याचा वरून दिसणारा आकार जमिनीवर चुन्याने आखतात. राजगड त्यासाठी फार चांगला, कारण त्याचा आकार डोळ्यांत राहतो. मधे बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती माची, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येला संजीवनी. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या 12 गडांत तो आहे, त्यामुळे आता नकाशेही सहज मिळतात. आठ फूट बाय सहा फूट जागा लागते. याहून लहान केला तर माच्या बोटाएवढ्या होतात आणि तटबंदी बसत नाही.

सामान: 50 जुन्या विटा, डबराचे दगड साधारण 10 घमेली, लाल माती 12 ते 15 घमेली, तागाची चार गोणपाटं, शेण एक घमेलं. गोणपाट तागाचंच हवं. सिमेंटच्या प्लॅस्टिक पोत्यावर चिखल धरत नाही, वाळला की सोलून निघतो.

आधी विटा-दगडांचा सांगाडा रचायचा. पोकळ्या राहू द्यायच्या, माती कमी लागते आणि नंतर गुहा करता येतात. मग एका टबात माती, शेण आणि पाणी मिसळून ताकाहून दाट, पिठल्याहून पातळ असा चिखल करायचा. गोणपाट त्यात पाच मिनिटं बुडवून, पिळून न काढता सांगाड्यावर अंथरायचं आणि बोटांनी कपारींत दाबायचं. गोणपाटाच्या चुण्या पडतात त्याच कड्यासारख्या दिसतात, त्या सरळ करायला जाऊ नये. वरून मातीचा बोटभर थर. हे सगळं एका दिवसात संपवलं तर खालचा थर ओला असताना वरचा घसरतो. एक दिवस सांगाडा आणि गोणपाट, दुसऱ्या दिवशी माती, तिसऱ्या दिवशी तटबंदी.

सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, करायला मुलांना सर्वांत जास्त आवडतं. दोन इंची पाइपचा तुकडा आडवा ठेवून त्याच्याभोवती माती थापायची. अर्धवट वाळली, म्हणजे नखाने खूण उमटते पण बोट रुतत नाही, की पाइप गोल फिरवत बाहेर काढायचा. पूर्ण वाळू दिली तर पाइपबरोबर नेढ्याचं छतही हातात येतं. संजीवनीची दुहेरी, चिलखती तटबंदी शाडूच्या वळकट्यांनी करतो. दोन तटांच्या मधे बोट जाईल इतकी जागा ठेवायची, नाही तर वाळताना त्या एकमेकींना चिकटून एकच जाड भिंत होते.

हिरवळीसाठी अळीव. दोन दिवसांत कोंब, सहाव्या दिवशी गालिचा. म्हणून वसुबारसेच्या सहा दिवस आधी पेरायचे. ओल्या मातीवर नुसते भुरभुरायचे, वर माती टाकायची नाही. अळीव भिजले की बुळबुळीत होऊन जागच्या जागी चिकटतात, हीच त्यांची खुबी. पण पहिल्या दिवशी कुणी तांब्याने पाणी घातलं तर सगळं बी वाहून तळाशी जमतं आणि गड बोडका, पायथा जंगली. फवाऱ्याची बाटली घ्यायची, सकाळ-संध्याकाळ, आणि ती बाटली एकाच मुलाच्या ताब्यात द्यायची. मुंग्या बी पळवतात. किल्ल्याभोवती राखेची रेघ ओढली की दोन दिवस निभतं, तेवढ्यात कोंब धरतात. पायथ्याला रान दाखवायचं असेल तर गहू पेरावा, तो उंच होतो. माचीवर गहू पेरू नये, तटबंदी झाकून जाते.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कंदिलांची फेरी असते. याला एक बाहेरचा धागा आहे. शाळेतल्या दोन ताई वॉल्डॉर्फ पद्धतीचं शिक्षण घेऊन आल्या आहेत. त्या पद्धतीची पहिली शाळा 1919 साली जर्मनीतल्या श्टुटगार्टला एका सिगारेट कारखान्याच्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. तिकडच्या शाळांत 11 नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, मुलं हातात कागदी कंदील घेऊन अंधारातून चालतात. श्टुटगार्टमध्ये त्या दिवशी पाचच्या आत सूर्य मावळतो, थंडी पडलेली असते, अंधाराशी मुलांची गाठ रोजची असते. ती तारीख आणि तो संत जसाच्या तसा उचलून आणला असता तर पोकळ झाला असता. चालण्याची कल्पना घेतली, कंदील आपला घेतला, दिवस सुट्टीचा घेतला. तेवढी उसनवारी पुरे.

पारंपरिक आकाशकंदील म्हणजे 24 कामट्यांचे सहा चौकोन, कोपऱ्याला कोपरा बांधलेले. एक चौकोन वर, एक खाली, आणि चार कडेला टोकावर उभे. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. बांधताना समजेनासं झालं की एवढंच तपासायचं: प्रत्येक गाठीत चार कामट्यांची टोकं आली पाहिजेत आणि गाठी एकूण 12. कुठे तीनच टोकं असतील तर एक कामटी चुकीच्या घरी गेली आहे.

कामट्या बुरूड आळीतून आणतो, अर्धा सेंटिमीटर रुंद चिरून मागायच्या. प्रत्येकी 22 सेंटिमीटर कापायच्या आणि दोन्ही टोकांपासून एकेक सेंटिमीटरवर खाच पाडायची. खाच ते खाच 20 सेंटिमीटर राहतात. खाच नसेल तर दोरा सरकतो, आणि एक गाठ सरकली की अख्खा कंदील लंगडतो. वीस कंदिलांना 480 कामट्या लागतात, पण 520 कापाव्यात. कापताना काही उभ्या चिरतात, काहींना गाठ असते. चिरू नयेत म्हणून रात्रभर पाण्यात ठेवायच्या, पण बांधून झाल्यावर सांगाडा दिवसभर वाळवल्याशिवाय कागद लावायचा नाही. ओल्या बांबूवर खळ धरत नाही आणि बांबू वाळून आकसला की दोरा सैल पडतो.

सगळ्यांना हमखास चकवणारी गोष्ट पुढे आहे. चोवीस कामट्या नीट बांधून झाल्या, सांगाडा उचलला की तो पिळवटून चपटा होतो. गाठी सैल आहेत असं वाटून लोक पुन्हा आवळत बसतात. दोष गाठींचा नसतो. त्रिकोणाला आकार असतो, चौकोनाला नसतो, तो दाबला की कलतो. म्हणून सहाही चौकोनांना आतून दोऱ्याचे कर्ण घालायचे, प्रत्येक कर्ण 28 सेंटिमीटर. दोन्ही कर्ण सारखे झाले की चौकोन काटकोनात आला आणि सांगाडा दगडासारखा घट्ट. कंदिलाची उंचीही तेवढीच, 28 सेंटिमीटर. सातवीच्या मुलांना 20 चा आणि 28 चा संबंध पायथागोरसने काढायला लावतात. काहींचं उत्तर 28.28 येतं आणि ते तेवढाच दोरा मोजत बसतात. त्यांना बसू द्यावं. कडेच्या चौकोनांचा दोरा पांढरा आणि बारीक घ्यायचा, जाड दोऱ्याची फुली उजेडात कागदावर दिसते.

खळ घरीच: दोन चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून, मंद आचेवर ढवळत काचेसारखी होईपर्यंत. पूर्वी त्यात मोरचूद घालत, झुरळं कुरतडू नयेत म्हणून. तो विषारी आहे आणि लहान मुलं बोटं चाटतात, त्यामुळे आम्ही तुरटीची चिमूट घालतो. झुरळं तरी येतात. पण कंदील पंधरा दिवसच टिकायचा असतो.

कागद पतंगाचा किंवा घोटीव. चार चौकोन आणि आठ त्रिकोण, बाजू 20 अधिक दीड सेंटिमीटर दुमड. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, दिवा तिथून जातो आणि उष्णताही तिथूनच निघते. आधी त्रिकोण चिकटवायचे, मग चौकोन, म्हणजे त्रिकोणांच्या दुमडी चौकोनाखाली झाकल्या जातात. कागद ताणून लावू नये. किंचित सैल लावून वाळल्यावर हलका पाण्याचा फवारा मारला की तो स्वतःच तबल्यासारखा ताणतो. आधीच ताणून लावलेला कागद फवाऱ्यानंतर, किंवा रात्रीच्या दवानंतर, कोपऱ्यात फाटतो. घोटीव कागदावर फवारा चालत नाही, रंग ओघळतो. खालच्या चार कोपऱ्यांना शेपट्या. आत बॅटरीवरचा लहान एलईडी दिवा. पणती नको. काठीला टांगून चालताना कंदील सतत हलतो आणि कागदापासून ज्योत फार तर 14 सेंटिमीटरवर असते.

फेरी अंगणातून निघून टेकडीच्या पायवाटेने वडापर्यंत आणि परत, वीस मिनिटांची. साडेसहाला निघावं. सहाला निघालं तर उजेड असतो आणि कंदील दिसतच नाहीत. वाटेत टॉर्च आणि मोबाइल बंद. पहिली पाच मिनिटं ठेचा लागतात, मग डोळे सरावतात. पालकच जास्त धडपडतात.

जानेवारीत भोगी आणि संक्रांत. भोगीची भाजी तर मंडईच ठरवते: सोलाणे, पावटा, घेवड्याच्या शेंगा, छोटी काटेरी वांगी, गाजर, ओले शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे, वर तिळाचं कूट. 80 मुलं आणि 30 मोठ्यांना निवडलेली भाजी 10 किलो पुरते. बोरं आणि ऊस शेवटच्या पाच मिनिटांत घालायचे, आधी घातले तर बोरं फुटून रस्सा आंबट होतो. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या प्रत्येक घरून पाच. पीठ पंधरा दिवसांच्या आत दळलेलं असावं, बाजरीचं जुनं पीठ कडवट लागतं आणि भाकरी थापताना चिरते.

तिळाच्या लाडवांचं माप: अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, दाण्याचं भरड कूट 150 ग्रॅम, भाजलेलं सुकं खोबरं 50 ग्रॅम, तूप दोन चमचे. लहान 75 ते 80 होतात, म्हणजे मुलांना एकेक. साधा गूळ घेतला तर लाडू मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी बसतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळली की लगेच उतरवायचं. ती गोळी ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजायला लागली तर पाक चिक्कीचा झाला, मग थापून वड्या पाडाव्यात, लाडवांचा हट्ट सोडावा. वळायला दहा हात एकदम लागतात, परात गार व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

काटेरी हलवा याच्या बरोबर उलट, तिथे घाई करणाऱ्याला जागाच नाही. पाव वाटी तीळ, दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. पाकाला उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकायची, एकतारी झाला की थांबायचं. पितळेची कल्हई केलेली परात मंद शेगडीवर, तीळ त्यात, आणि चमच्याने थोडा थोडा पाक. बोटांनी सतत हलवत राहायचं. एक चमचा पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नाही. पहिल्या दिवशी तीळ फक्त पांढरे होतात आणि मुलांचा हिरमोड होतो. काटे तिसऱ्या दिवसापासून फुटायला लागतात. परात तापली तर साखरेची पूड होऊन तळाशी बसते, गार पडली तर दाणे एकमेकांना चिकटून खडे होतात. परातीच्या कडेला हात ठेवून दहा आकडे मोजता आले तर आच बरोबर. ढगाळ, दमट हवेत काटा येत नाही, कितीही हलवा. तेव्हा झाकून ठेवावा आणि कोरड्या सकाळी पुन्हा बसावं. मुलं वीस वीस मिनिटांच्या पाळीने बसतात. एका वेळी चारच, जास्त बोटं गेली की काटे मोडतात.

होळी आम्ही लहान करतो: गोवऱ्या, शाळेच्या आवारातला पालापाचोळा आणि वाळलेल्या फांद्या, बस्स. खरं काम रंगपंचमीचं, आणि ते महिनाभर आधी सुरू होतं. फेब्रुवारीअखेर पळस फुलायला लागतो. झाडावरची फुलं तोडायची नाहीत. मैना, बुलबुल, शिंजीर सगळे त्या मधावर असतात. सकाळी लवकर गेलं की खाली सडा पडलेला असतो. दुपारी वेचलेली फुलं अर्धी करपलेली असतात, त्यांचा रंग मातकट येतो. वेचून आणल्यावर कापडावर झटकायची, आत मुंग्या फार. सावलीत तीन-चार दिवस पसरून कुरकुरीत वाळवायची. उन्हात वाळवली तर केशरी उडून फिका भगवा राहतो. पिशवीभर फुलांची वाळून ओंजळभर होतात, तेव्हा चार-पाच फेऱ्या धरून चालावं.

रंगाच्या पाण्यासाठी: 200 ग्रॅम वाळलेली फुलं, पाच लिटर पाणी, रात्रभर भिजत. सकाळी मंद आचेवर वीस मिनिटं, मग सुती कापडातून गाळून घ्यायचं. पाणी पिवळं दिसतं आणि सगळे हळहळतात. आता वाटाण्याएवढा खायचा चुना वाटीभर पाण्यात कालवून, वरचं निवळ पाणी थोडं थोडं घालायचं. पिवळ्याचा केशरी डोळ्यांदेखत होतो. इथे थांबायचं. आणखी गडद करायच्या नादात चुना वाढवला तर रंग तपकिरीकडे झुकतो आणि कातडी चुरचुरते. लोखंडी पातेलं वापरलं तर सगळंच काळवंडतं, स्टीलचं किंवा मातीचं घ्यावं. असलं पाणी एक दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी आंबतं.

कोरड्या रंगाला एक किलो आरारूट आणि घट्ट आटवलेला पळसाचा अर्क अर्धा लिटरपेक्षा थोडा कमी. हाताने चोळून, सावलीत वाळवून, मलमलीतून चाळायचं. तांदळाचं पीठ वापरू नये, डोळ्यांत खरखरतं. बीटचा रंग किसून पिळलेल्या कच्च्या रसाचा, शिजवलात तर विटकरी होतो. तो आदल्या दिवशीच करावा, आठवडाभर ठेवलेल्या गुलाबी पिठाला आंबट वास येतो. पालकाच्या हिरव्याने कुणाचंच समाधान झालेलं नाही, वास भाजीचा आणि रंग आजारी. हळद आणि चुन्याचं लाल मोहक दिसतं, पण त्यात चुना जास्त पडतो, म्हणून ते फक्त भिंतीवरच्या चित्रांना. प्रत्येक नवीन रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून तासभर बघायचा, सगळ्या मुलांच्या. एखाद्याला पुरळ येतंच, त्याच्यासाठी नुसतं पाणी.

पळसाचा डाग पांढऱ्या सुती सदऱ्यावर दोन धुण्यांत जातो, साबणाने धुताना तो क्षणभर जास्तच लाल दिसतो. घाबरून ब्लीच घालू नका.

पाडव्याला कडुनिंबाच्या कोवळ्या पानांची चटणी होते आणि मग आवराआवर. किल्ल्याची माती डिसेंबरातच वाफ्यांत गेलेली असते, विटा मोजून कुंपणाशी रचलेल्या. सुट्या कामट्या चोवीस-चोवीसच्या जुड्या बांधून माळ्यावर ठेवायच्या. कागद फाडून सांगाडे मात्र तसेच टांगायचे, पुढच्या वर्षी नव्या पालकांना हातात द्यायला नमुना लागतो. उरलेली पळसाची फुलं कडुनिंबाच्या पानांबरोबर पत्र्याच्या डब्यात. डब्यावर साल लिहावं. दोन वर्षांपुढची फुलं पाण्याला नुसता चहाचा रंग देतात.